धर्मादाय ऑनलाइन विक्री : शुल्क, खर्च आणि दानाचे निव्वळ मूल्य

दात्याने दिलेल्या वस्तूची विक्रीकिंमत आणि त्या विक्रीतून धर्मादाय संस्थेच्या हाती पडणारी रक्कम यांत नेहमीच अंतर राहते. वस्तू दुकानात विकली तर हे अंतर भाडे व वेतन यांमुळे पडते. ऑनलाइन विकली तर ते मध्यस्थाचे शुल्क, टपालखर्च व श्रम यांत विभागले जाते. बाजाराचा उपयोग करण्यासही खर्च पडतो, हा विचार रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये पेढीच्या स्वरूपाविषयीच्या निबंधात मांडला. प्रस्तुत विक्री हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय. टीकेचा रोख बहुधा मध्यस्थाच्या टक्केवारीवर असतो. तथापि स्वस्त वस्तूंच्या बाबतीत दानाचा मोठा भाग ज्यात खर्ची पडतो ती बाब निराळीच आहे.

प्रथम शुल्काचा विचार करू. ईबे या १९९५ साली स्थापन झालेल्या बाजारपेठेने २००३ मध्ये अमेरिकेत धर्मादाय विक्रीची योजना सुरू केली. तीनुसार विक्रेता किमतीचा १० ते १०० टक्के भाग आपण निवडलेल्या संस्थेस देऊ शकतो आणि ईबे त्याच प्रमाणात मूळ विक्रीशुल्क त्याच्या खाती परत जमा करते. या सवलतीस दोन मर्यादा आहेत. जाहिरातीसारख्या ऐच्छिक सेवांचे शुल्क परत मिळत नाही. शिवाय देणगीची टक्केवारी विक्रीच्या किमतीवर मोजली जाते, विक्रेत्याच्या निव्वळ प्राप्तीवर नव्हे. म्हणून संपूर्ण किंमत दान करणाऱ्याने टपालखर्च ग्राहकाकडून वेगळा घेतला नाही, तर तो त्याला पदरचा भरावा लागतो.

आता दोन काल्पनिक वस्तू घेऊ. एक पुस्तक ५ पौंडांस व एक कॅमेरा १०० पौंडांस विकला. दोन्ही किमतींत टपालखर्च समाविष्ट आहे. शुल्क १२ टक्के, अधिक प्रत्येक विक्रीमागे ३० पेन्स. टपाल व वेष्टन यांचा खर्च पुस्तकास ३ पौंड, कॅमेऱ्यास ८ पौंड धरला. पुस्तकातून १.१० पौंड, म्हणजे किमतीच्या २२ टक्के उरतात, कॅमेऱ्यातून ७९.७० पौंड. शुल्क पूर्णपणे माफ झाले तरी पुस्तकाचे २ पौंडच उरतात, कॅमेऱ्याचे मात्र ९२. म्हणजे माफीने पुस्तकाच्या दानात ९० पेन्सची, तर कॅमेऱ्याच्या दानात १२.३० पौंडांची भर पडते. टक्केवारीवर आधारलेली सवलत महाग वस्तूस अनुकूल ठरते. स्वस्त वस्तूचा खरा शत्रू तिच्यामागे येणारा स्थिर खर्च होय.

श्रमांचे मूल्य धरल्यास हे चित्र अधिकच गंभीर होते. छायाचित्र काढणे, वर्णन लिहिणे, बांधणी करणे व टपालात टाकणे यांस पाव तास लागला असे मानू. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये २१ वर्षे व त्यावरील कामगारांसाठी ताशी १२.२१ पौंड हे किमान वेतन लागू झाले. त्या दराने पाव तासाचे ३.०५ पौंड होतात आणि शुल्कमाफीनंतरही पुस्तकावर १.०५ पौंडांचा तोटा येतो. स्वयंसेवक वेतन घेत नाहीत हे खरे. परंतु त्यांचा वेळ संस्थेच्या अन्य कार्यास उपयोगी पडला असता, हा पर्यायी खर्च हिशेबातून वगळता येत नाही.

शुल्क कोणाकडून घेतले जाते आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे दोन प्रश्नही वेगळे आहेत. ईबेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनमधील खासगी विक्रेत्यांचे विक्रीशुल्क, मोटारींचा अपवाद वगळता, रद्द केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खरेदीदाराकडून संरक्षणशुल्क घेण्यास आरंभ केला. खरेदीदार एकूण देय रक्कम पाहूनच बोली लावत असेल, तर हा भार अंशतः कमी किमतीच्या रूपाने विक्रेत्याकडे, आणि पर्यायाने दानाकडे, परत येतो.

करव्यवस्थेतही निव्वळ रकमेचेच महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये १९९० पासून असलेल्या ‘गिफ्ट एड’ योजनेनुसार करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेस २५ पेन्स सरकारकडून मिळतात. ही सवलत रोख देणगीस आहे, वस्तूस नाही. म्हणून संस्था दात्याची प्रतिनिधी या नात्याने वस्तू विकते, आपली दलाली वजा करते आणि उरलेली रक्कम दाता स्वेच्छेने दान करतो. अर्थात दलालीत गेलेल्या प्रत्येक पौंडाबरोबर २५ पेन्सची सवलतही जाते. भारतात १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील ८०जी कलमानेही पैशाच्या रूपातील दानासच वजावट दिली होती. वस्तुरूप दान तीतून वगळले होते.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, संस्थेने ऑनलाइन विक्रीसाठी किमान किमतीची मर्यादा ठरवावी, स्वस्त पुस्तके एकत्र संच करून वा स्थानिक दुकानातून विकावी आणि दूरच्या ग्राहकाची गरज असलेल्या दुर्मिळ वस्तूच या बाजारात आणाव्या. दात्यासही विक्रीची किंमत न सांगता निव्वळ प्राप्ती सांगणे उचित. कारण त्याचे दान प्रत्यक्षात तेवढेच असते.