हेलकावते, पण बुडत नाही!

बालमित्रांनो, शाळेच्या चिन्हाखाली एक छोटंसं वाक्य असतं ना? तेच ब्रीदवाक्य. पॅरिस शहराचं ब्रीद लॅटिन भाषेत आहे: 'फ्लुक्तुआत नेक मेर्गितुर'. चिन्हावर जहाज आणि अर्थ काय, तर लाटांवर हेलकावते, पण बुडत नाही! १३ नोव्हेंबर २०१५ ला तिथे दहशतवादी हल्ले झाले. १३० माणसं गेली. सारा फ्रान्स हादरला. तेव्हा भर चौकातल्या भिंतीवर हेच तीन शब्द मोठ्ठ्या अक्षरांत रंगवले गेले. लॅटिन आज कुणाच्या घरी बोलत नाहीत, तरी धीर त्याच भाषेनं दिला!

आपल्याकडे हे काम संस्कृत करते. १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धाकानं माणसं गाव सोडून जात. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. त्याच तारखेला, १९९४ साली, नांदेडला स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं. (लातूर जिल्हाही त्यातच. आदल्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता.) ब्रीद निवडलं 'सा विद्या या विमुक्तये', म्हणजे मुक्त करते तीच विद्या. जुन्या ग्रंथांत ही मुक्ती मोक्षाची. पण मराठवाड्यात 'मुक्ती' म्हटलं की आधी मुक्तिसंग्रामच आठवतो.

तुमच्या शाळेचं ब्रीद कोणतं? अर्थ ठाऊक नसेल तर उद्या गुरुजींना नाहीतर बाईंना विचाराच!