माझ्या जन्मवर्षीच्या कादंबऱ्या

माणसाला आपली जन्मतारीख सांगता येते, जन्मवेळही बहुधा सांगता येते. पण आपण जन्मलो त्या वर्षी आपल्या भाषेतले लोक कोणती कादंबरी हौसेने वाचत होते, हे सहसा कोणाला सांगता येत नाही. पत्रिकेत ग्रहांची घरे मांडलेली असतात, ग्रंथांची नसतात. माझी सारी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे खुणावत होता. माझा जन्म १९६२ चा. त्या वर्षी कोणत्या मराठी कादंबऱ्या गाजल्या, त्या आपल्या रत्नागिरीपर्यंत कशा पोचल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे विद्यार्थी मित्रमैत्रिणींना सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘गाजलेली’ म्हणजे काय, ते ठरवू. अमेरिकेत खपाच्या याद्या छापण्याची रीत जुनी आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अशी यादी १९३१ साली सुरू केली. त्यामुळे १९६२ साली तिकडे सर्वांत जास्त खपलेली कादंबरी कॅथरिन ॲन पोर्टर या लेखिकेची ‘शिप ऑफ फूल्स’ होती, असे बेधडक सांगता येते. मेक्सिकोहून जर्मनीला निघालेल्या बोटीवरच्या उतारूंची ती कथा. मराठीत मात्र त्या काळी अशी यादी कोणी ठेवत नव्हते. पुस्तक उघडल्यावर ‘आवृत्ती दुसरी’, ‘आवृत्ती तिसरी’ असे छापलेले दिसते. पण आवृत्ती हा शब्द मोठा फसवा. एखादी आवृत्ती हजार प्रतींची, तर दुसरी पाच हजारांची असू शकते. शिवाय आपल्याकडे पुस्तक विकत घेणारा एक आणि वाचणारे पन्नास. तेव्हा मराठी कादंबरीची लोकप्रियता दुकानात मोजून भागत नाही, ती वाचनालयात मोजावी लागते.

रत्नागिरीला वाचनालयाची परंपरा मोठी आहे. येथील नगर वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या वाचनालयांपैकी एक. मी जन्मले तेव्हा कोकण रेल्वे स्वप्नातही नव्हती. ती पूर्णपणे सुरू झाली १९९८ साली. पुण्यामुंबईची नवी पुस्तके एस. टी.च्या पार्सलातून, टपालाने व्ही. पी. करून किंवा आगबोटीने येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून येत. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळे, शिक्के बसत, तपकिरी कागदाचे कव्हर चढे आणि शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवली जाई. प्रत्येक देवघेवीला तिच्यावर एक तारीख पडे. चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवायची. माझ्या मते मराठी कादंबरीचा खरा इतिहास या चिठ्ठ्यांत आहे. ज्या पुस्तकाला तीन वेळा बांधणी करावी लागली, ज्याची पहिली आणि शेवटची पाने गळाली, ते लोकांचे पुस्तक. कपाटात नव्यासारखे कोरे राहिले ते कितीही थोर असो, लोकांचे नव्हे.

या कसोटीवर १९६२ सालची पहिली कादंबरी ठरते रणजित देसाई यांची ‘स्वामी’. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या जीवनावरील ही कादंबरी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, त्याच वर्षी वयाच्या सोळाव्या वर्षी माधवराव पेशवे झाले. एकीकडे निजाम आणि हैदर, दुसरीकडे घरातच चुलते राघोबादादा. या साऱ्यांना तोंड देत त्यांनी मोडलेले राज्य उभे केले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने देह ठेवला. पत्नी रमाबाई सती गेल्या. एवढा इतिहास शाळेच्या पुस्तकातही होता. मग वाचक या कादंबरीवर एवढे लुब्ध का झाले?

मला त्याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण काळाचे. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि आदल्याच वर्षी पानिपताला दोनशे वर्षे पूर्ण झाली होती. त्यातच १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण आले, आपल्या सैन्याला माघार घ्यावी लागली आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा दिवसांत पराभवानंतर पुन्हा उभे राहणाऱ्या तरुण कर्त्या पुरुषाची कथा हाती पडली, तर ती मनाला भिडणारच. दुसरे कारण घरगुती. या कादंबरीत लढाया थोड्या आणि शनिवारवाड्याच्या आतला संसार पुष्कळ आहे. माधवराव-रमाबाई यांचे बोलणे, रुसणे, दूर राहणे हे सारे स्त्रियांना आपले वाटले. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे पुरुषांचा प्रांत, ही समजूत ‘स्वामी’ने मोडली. तिसरे कारण भाषेचे. तिचे संवाद मोठ्याने वाचण्याजोगे आहेत. आणि ज्या घरात एकाला वाचता येत होते आणि चौघे ऐकत होते, तिथे या गुणाची किंमत मोठी. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका आली, तेव्हा रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या रूपाने माधवराव-रमाबाई घरोघर पोचले.

लोकप्रियतेचे दुसरे टोकही विसरून चालणार नाही. वाचनालयाच्या मासिक बैठकीत ज्यांची नावे कोणी घेत नसे आणि देवघेवीच्या खिडकीवर ज्यांची मागणी सर्वांत जास्त, असे दोन लेखक होते. एक बाबूराव अर्नाळकर. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे गेली. धनंजय आणि झुंजार हे त्यांचे नायक शाळकरी मुलांना क्रिकेटपटूंइतके परिचित होते. दुसरे चंद्रकांत काकोडकर. त्यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि अखेर १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. अशी पुस्तके उशाखाली ठेवून वाचली जात. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना ओळभर जागा मिळते. पण मराठी मुलांना भराभर वाचण्याची सवय लावण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९६२ साली आणखी एक कादंबरी आली, श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’. पेंडसे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. त्यांचे आयुष्य मुंबईत ‘बेस्ट’च्या नोकरीत गेले, पण लेखणी कायम हर्णै-दापोलीच्या मुलखात रमली. त्यांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालीच घरोघर पोचला होता. ‘रथचक्र’ची नायिका मात्र बापूसारखी बेडर, रंगेल नाही. तिचा नवरा घर सोडून निघून गेला आहे. एकत्र कुटुंबात तिची आणि मुलांची परवड चालली आहे. मुलाने शिकावे म्हणून ती घरातल्या सर्वांचा रोष पत्करून तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करते. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. येथे रुतलेले चाक उपसणारी एकटी बाई आहे. योगायोग पाहा. साहित्य अकादमीचा १९६३ चा पुरस्कार ‘रथचक्र’ला मिळाला आणि १९६४ चा ‘स्वामी’ला. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन कादंबऱ्यांचा मान असा लागोपाठ झाला.

मान सारखा, पण चिठ्ठ्या सारख्या नव्हत्या. मी ज्या कपाटांजवळ वावरले, तेथे ‘स्वामी’च्या प्रती फाटून नव्या येत. ‘रथचक्र’ची प्रत मात्र दीर्घकाळ टिके. खुद्द रत्नागिरी जिल्ह्यात असे का व्हावे, हे मला बरीच वर्षे उमगत नव्हते. १९६१ च्या शिरगणतीत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईला, मनीऑर्डर महिन्याला, आणि शेत, गुरे, सासूसासरे, मुलांच्या शाळा हे सारे बायकांच्या डोक्यावर. ‘रथचक्र’ची वाचक व्हावी अशी बाई घरोघर होती. मग ती त्या पुस्तकाकडे पाठ का फिरवत होती?

याचे उत्तर मला माझ्या आईकडून मिळाले. वडील मुंबईला गिरणीत. आई मराठी चौथी शिकलेली. आम्हा भावंडांना इंग्रजी शाळा मिळावी म्हणून गावचे घर सोडून तिने रत्नागिरीत एक खोली घेतली. ‘गावची शाळा काय ओस पडली?’ असे तिला पुष्कळांनी ऐकवले. दुपारी पापड लाटून झाल्यावर ती वाचे. वाचनालयाची वर्गणी तिने कधी चुकवली नाही. ‘स्वामी’ तिने निदान तीनदा नेली. रमाबाई सती जातात ती पाने आली, की शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसत आणि सगळ्या मिळून डोळे पुसत. ‘रथचक्र’ मी मोठ्या हौसेने तिच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी तिने ती परत केली. म्हणाली, “हे काय वाचायचं? हे मी रोज करतेच आहे की!”

या एका वाक्याने मला लोकप्रियतेची गोष्ट पुष्कळशी उलगडली. ज्या साली जी कादंबरी सर्वांत अधिक वाचली गेली, तीवरून त्या साली लोक कसे जगत होते ते कळतेच असे नाही. लोकांना आपल्या जगण्यातून घटकाभर कोठे जावेसे वाटत होते, ते मात्र कळते. आई थेऊरला जात होती. जिचा नवरा वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला येई, तिला मृत्यूतही साथ न सोडणाऱ्या जोडप्याची कथा हवीशी वाटली, यात नवल नाही. त्यात लाजण्यासारखेही काही नाही. पंडितांनी अशा वाचनाला ‘स्वप्नरंजन’ म्हणून नाक मुरडले. पण दुपारचा तो तास तिच्या दिवसातला एकच तास तिचा स्वतःचा होता, हे त्यांना कोठून ठाऊक असणार?

मात्र गोष्ट येथे संपत नाही. वडील निवृत्त होऊन घरी आले, आम्ही भावंडे नोकरीला लागलो, त्यानंतरच्या एका पावसाळ्यात आईने आपण होऊन ‘रथचक्र’ मागितली. बारा-तेरा दिवस पुरवून पुरवून वाचली. परत देताना पुस्तकाला तिने नवे कव्हर घातले होते. मी विचारले, कशी वाटली? ती म्हणाली, “बाईला नावच नाही दिलंन् लिहिणाऱ्याने.” खरोखरच, पेंडशांची नायिका कादंबरीभर नावावाचून वावरते. मी काही बोलण्यापूर्वीच आई पुढे म्हणाली, “बरोबरच आहे म्हणा. मला तरी कोण नावाने हाक मारतं?” या कादंबरीवर मी पुष्कळ समीक्षा वाचली, पण नायिकेच्या निनावीपणाचा इतका सरळ अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. चाक रुतलेले असताना ज्या पुस्तकाकडे पाहवत नाही, ते चाक वर निघाल्यावर वाचता येते. काही पुस्तकांना वाचक उशिरा मिळतो, त्याचे हेही एक कारण असेल.

त्यानंतरचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. ‘स्वामी’ने ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीचा दरवाजा सताड उघडला. ना. सं. इनामदारांची ‘झेप’ १९६३ साली आली, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली, देसायांचीच ‘श्रीमान योगी’ १९६८ साली. ज्याच्या रथाचे चाक पेंडशांनी शीर्षकात घेतले, तो कर्ण ‘मृत्युंजय’मध्ये स्वतःच नायक झाला आणि वाचनालयांत पुन्हा रांगा लागल्या. दुसरीकडे १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि पांडुरंग सांगवीकराने राजेरजवाड्यांऐवजी वसतिगृहाची खोली आणि खानदेशातले खेडे कादंबरीत आणले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला आणि ही सारी पुस्तके आडगावीही पोचू लागली. जन्मवर्षाच्या मागेपुढे दोन पावले टाकली, तर एका भाषेची बदलती नाडी अशी बोटाला लागते.

विद्यार्थी मित्रांनो, हा शोध तुम्हालाही घेता येईल. आपल्या ग्रंथालयात जाऊन तुमच्या जन्मवर्षाची दाखल नोंद पाहायला मागा. त्या वर्षी आलेल्या कादंबऱ्यांची नावे उतरवून घ्या. मग कपाटात जाऊन एकेक पुस्तक काढा. कोणते शिवून शिवून जाड झाले आहे आणि कोणाची पाने अजून एकमेकांना चिकटली आहेत, ते पाहा. जुन्या प्रतींवर तारखांची चिठ्ठी अजून असेल, ती सावकाश वाचा. आणि घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा, तुम्ही त्या वर्षी काय वाचत होता? ‘आम्हाला कुठला वेळ?’ असे उत्तर आले, तर तेही लिहून ठेवा. ती नोंद कोणत्याच यादीत सापडणार नाही.