मुंबईच्या गोष्टी आणि मुंबईची माणसे

मुंबईविषयी रंगतदार गोष्टी सांगण्याचा आणि ऐकण्याचा छंद या शहराला फार पूर्वीपासून आहे. परंतु अलीकडे त्याला जो बहर आला आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. रविवारी सकाळी कोट विभागातून कोणी फिरावयास निघाला, तर एखाद्या जुन्या इमारतीपुढे घोळक्याने उभी असलेली तरुण मंडळी आणि त्यांना उत्साहाने माहिती सांगणारा वाटाड्या त्याला हटकून भेटतो. मोबाइलच्या पडद्यावर तर अशा गोष्टींचा पूरच आला आहे. ज्या शहरात लोकलचे वेळापत्रक सोडून दुसरे काही पाठ करण्यास माणसाला सवड नाही, तेथे आपल्या गावाचा पूर्वेतिहास जाणून घ्यावा असे हजारोंना वाटते, ही गोष्ट आम्ही शुभचिन्ह मानतो. मात्र एकाचे मनोरंजन जेव्हा सर्वांची स्मृती बनते, तेव्हा काही प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. सांगितले जाते त्यात खरे किती? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सांगण्यातून वगळले जाते ते कोण?

मराठी वाचकाला हा विषय नवा नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर १८८९ साली आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ निघाला. माडगांवकर गोमंतकात जन्मले, मुंबईत शिकले आणि त्यांनी शाळेत अध्यापन केले. गव्हर्नरांची नामावळी देऊन मोकळे होण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध होता. त्यांनी तो पत्करला नाही. बाजार, तळी, देवळे, उद्योगधंदे, नाना जातिधर्मांचे लोक आणि त्यांच्या चालीरीती यांकडे त्यांनी कुतूहलाने पाहिले. शहराची गोष्ट ही शहरात राहणाऱ्यांची गोष्ट होय, हा धडा त्यांनी घालून दिला. तो आपण कितपत गिरविला, याचा विचार आज केला पाहिजे.

वस्तुतः मुंबईच्या इतिहासात कल्पनेची भर घालण्याचे काहीच कारण नाही. १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर हे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला आंदण मिळाले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु आंदण कागदावर मिळाले तरी ताबा मिळत नव्हता. येथील पोर्तुगीज अधिकारी ते सोडण्यास नाखूश होते. ताबा घेण्यासाठी आलेले सर अब्राहम शिपमन आणि त्यांचे सैनिक यांना कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर तिष्ठत बसावे लागले. तेथील रोगट हवेत शिपमन मरण पावले आणि त्यांच्या सैनिकांपैकी बहुसंख्य त्यांच्या पाठोपाठ गेले. अखेर १६६५ साली उरल्यासुरल्या मंडळींनी ताबा घेतला, आणि तीनच वर्षांनी, १६६८ साली, राजाने हे उपद्व्यापी बेट वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात बांधले. दहा पौंडांचा विनोद सर्वजण सांगतात. अंजदीववर तापाने मेलेल्या त्या अनामिक शिपायांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

हीच तऱ्हा शेअरबाजाराच्या पहिल्या तेजीची. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानातील कापसावाचून गत्यंतर उरले नाही. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. नव्या बँका आणि कंपन्या रोज जन्मास येऊ लागल्या. बॅकबेची खाडी बुजविण्यासाठी काढलेल्या कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या उलाढालीचे नायक. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै रोजी वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा कोट्यधीश म्हणविणारे एका दिवसात दिवाळखोर ठरले.

प्रेमचंदांनी तेजीच्या ऐन भरात, १८६४ साली, विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. २८० फूट उंचीचा तो राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. दृष्टी गमावलेल्या मातेला घंटानादावरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी म्हणून पुत्राने तो उभारला, अशी हृद्य आख्यायिका त्याभोवती गुंफली गेली आहे. ती अवश्य सांगावी. पण तिच्या शेजारी दोन आकडेही सांगावेत. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२ च्या शिरगणतीत ती ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे या शहरातून कमी झाली. तेजीच्या ओढीने आलेला हमाल, गवंडी, सुतार, कारकून मंदीबरोबर निघून गेला. सटोडियांच्या दिवाळखोरीवर ग्रंथ निघाले. परत गेलेल्या या माणसांची साक्ष त्या दोन आकड्यांनीच काय ती जपली आहे.

खोटी गोष्ट केवळ खोटी असते म्हणून आम्ही तिला हरकत घेत नाही. ती कित्येकदा खऱ्या माणसाची जागा बळकावून बसते, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. ताजमहाल हॉटेलचे उदाहरण घ्या. विलायती वास्तुविशारद नकाशे देऊन मायदेशी गेला, परत येऊन पाहतो तो इमारत पाठमोरी बांधलेली, आणि त्या धक्क्याने त्याने आत्मघात केला, ही कथा आजही गंभीर चेहऱ्याने सांगितली जाते. तिच्यात तथ्य नाही. १९०३ च्या डिसेंबरात हे हॉटेल सुरू झाले तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. ते १९२४ साली खुले झाले. घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, तेव्हा प्रवेशद्वार तिकडे ठेवून पाहुण्यांच्या खोल्यांना समुद्राचा वारा आणि देखावा मिळवून देणे यात कोणतीही चूक नव्हती. आणि मूळ आराखडे कोणा साहेबाचे नव्हते. ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांचे सहकारी मिर्झा यांचे होते. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने काम तडीस नेले. एका काल्पनिक साहेबाच्या काल्पनिक आत्मघाताची हळहळ शंभर वर्षे वाहिली गेली, आणि ज्या मराठी माणसाच्या प्रतिभेतून ती वास्तू साकारली त्याचे नाव त्याच्याच शहराला अपरिचित राहिले! अशा गोष्टीला निरुपद्रवी कसे म्हणावे?

१४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटाची कथा याहून बोलकी आहे. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा, कापसाचे गठ्ठे आणि सोन्याच्या विटा एकाच वेळी लादलेल्या होत्या. दुपारी आग लागली आणि चारच्या सुमारास, पाठोपाठ दोन प्रचंड स्फोटांनी, गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. युद्धकालीन निर्बंधांमुळे वृत्तपत्रांना सविस्तर वृत्त देता येईना. साहजिकच त्या दिवसाचा इतिहास लोकांच्या जिभेवर राहिला, आणि जिभेने त्यातून सोने तेवढे उचलले. आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटेची गोष्ट मुंबईतील घराघरांत ठाऊक आहे. पण त्या आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान प्राणास मुकले, आणि देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ, ही गोष्ट किती घरांत सांगितली जाते?

यावर कोणी म्हणेल, की रुक्ष सत्याला श्रोते मिळत नाहीत. थोडे तिखटमीठ लागतेच. आम्हांला हे मान्य नाही. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साप्ताहिक सुटीची मागणी पुढे केली. सहा वर्षे ती रेटल्यावर, एप्रिल १८९० मध्ये, सुमारे दहा हजार कामगारांचा मेळावा जमला आणि त्यात दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. जून महिन्यात मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढे जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. या घटनांत नाट्य नाही असे कोण म्हणेल? एकोणिसाव्या शतकात हजारोंच्या सभेत बोलावयास उभी राहिलेली गिरणीतील बाई ही कोणत्याही पाठमोऱ्या हॉटेलाहून अधिक थरारक गोष्ट आहे. उणीव असते ती सांगणाऱ्याच्या अभ्यासाची.

आख्यायिका मुळीच सांगू नयेत, असेही आमचे म्हणणे नाही. वरळीचा बांध, ज्याला हॉर्नबी गव्हर्नराचे नाव मिळाले, तो बांधताना पुन्हा पुन्हा खचे. तेव्हा महालक्ष्मीने रामजी शिवजी यांना स्वप्नात दृष्टांत देऊन समुद्रातील मूर्ती बाहेर काढण्यास सांगितले आणि मग बांध टिकला, असे परंपरा सांगते. ती श्रद्धा आहे, आणि समुद्राशी झगडणाऱ्या माणसांची हताशा व आशा तीत उमटली आहे. जे आख्यायिका म्हणून सांगितले जाते त्याने कोणाची फसवणूक होत नाही. आख्यायिकेला इतिहासाचा पोशाख चढविला म्हणजे मात्र दोहोंचाही मान जातो.

हा सारा विचार आज निकडीचा झाला आहे याला एक कारण आहे. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचा अस्त झाला. धुराडी पाडली गेली, त्या जागी उंच मनोरे आले. त्या संपात पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. भोंग्याच्या इशाऱ्यावर चालणारे जीवन, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी, खानावळ चालवून संसार उभा करणाऱ्या बाया, भजनी मंडळे, गणेशोत्सवातील मेळे, हे सारे स्वतः अनुभवलेली ही शेवटची पिढी आहे. काही संशोधकांनी या कामगारांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे मोलाचे काम केले आहे; पण ते मूठभरांनी पुरे होण्याजोगे नाही. दगडी इमारत शंभर वर्षे वाट पाहील. माणूस पाहणार नाही.

याकरिता मोठ्या योजनांची आणि अनुदानांची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेने वर्षातून एकदा आपल्या विद्यार्थ्यांना आजोबा-आजींकडे, शेजाऱ्यांकडे पाठवावे; ते मुंबईत केव्हा आले, कोठे उतरले, पहिला पगार किती मिळाला, हे विचारून लिहून आणण्यास सांगावे. इतिहासाच्या गुणपत्रिकेत त्याला दहा गुण ठेवले तरी चालेल. मुलाच्या मनात त्याचे मोल फार अधिक राहील. चाळींच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, मंडळांची इतिवृत्ते, पिवळी पडलेली छायाचित्रे पुनर्बांधणीच्या वेळी रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत, आणि ग्रंथालयांनीही त्यांना कपाटाचा एक खण मोकळा करून द्यावा. इमारतींपुढे उभे राहून गोष्टी सांगणाऱ्या तरुण मित्रांनी ऐकीव काय आणि कागदावर सापडते ते काय, एवढे वाक्यागणिक स्पष्ट करावे. त्यांच्या कथनाची गोडी त्यामुळे उणावणार नाही. वृत्तपत्रांनाही हा नियम लागू आहे, हे सांगावयास नकोच. आमच्या स्तंभांतून जे छापून येते तेच उद्या कोणी पुरावा म्हणून पुढे करणार आहे.

मुंबई बाहेरून आलेल्यांनी घडविली आणि रोज नवी माणसे तिच्यात येत आहेत. जो नव्याने येतो त्याला या शहरात आपल्यासारखा कोणी पूर्वी होता काय, हे कळले पाहिजे. त्याला फक्त गव्हर्नर, शेठ आणि सोन्याच्या विटा दाखविल्या, तर हे शहर दुसऱ्या कोणाचे आहे असेच त्याला वाटत राहील. रावसाहेब वैद्यांचे नाव, आगीत गेलेले ते सहासष्ट जवान आणि १८९० च्या सभेतील त्या दोन स्त्रिया त्याला भेटल्या, तर तो या शहराला आपले म्हणेल, आणि जे आपले असते त्याची माणूस काळजी घेतो. येत्या रविवारी वाचकांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ तासभर बसावे आणि वही उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.