जुनेराची ऊब

प्रवरेकाठच्या आमच्या अकोल्यास टाकाऊ असे काही नसेच. लुगडे विरले की गोधडी, गोधडी झिजली की पायपुसणे. चुलीतली राख भांड्यांना आणि बियाण्यालाही! याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच जुन्या रीतीने, राख-मडक्यांच्या आधारे गावरान वाण जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

परवा सूनबाईने जुनी गोधडी टाकायला काढली. मधले ठिगळ आईच्या अखेरच्या लुगड्याचे. तिचे दुसरे काहीच आता घरात उरलेले नाही. मी तेवढेच सांगितले. सूनबाईने मुकाट्याने सुईदोरा घेतला. फाटक्या कडांना स्वतःच्या जुन्या साडीची पट्टी लावली.

रात्री नातवाच्या अंगावर तीच गोधडी होती. पोराला लगेच झोप लागली.