फांगण्याची आजीबाईंची शाळा

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, साठी ओलांडलेल्या बायकांसाठी शाळा सुरू झाली. कल्पना जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची. गावात शिवजयंतीला वाचन चालू असताना आज्या म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर! एवढ्यावरून हे उभं राहिलं.

गणवेश गुलाबी नऊवारी, खांद्यावर दप्तर, हातात पाटी. वर्ग दुपारी, घरची आणि शेतातली कामं उरकल्यावर. वेळेची ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. पुष्कळ प्रौढवर्ग तिथेच फसतात. मुळाक्षरं, अंक, कविता आणि स्वतःची सही हा अभ्यास. नजर अधू, ऐकू कमी, कालचं आज आठवत नाही; तरी नव्वदीच्या आजीही येऊन बसल्या. बँकेत अंगठ्याऐवजी सही करताना आपण कुणीतरी आहोत हे त्यांना पहिल्यांदा कागदावर दिसलं. नातवंडं घरी अभ्यास घेतात, हा आनंद वेगळाच.

तुमच्या घरात अंगठा उठवणारी आजी असेल, तर आज तिच्यासाठी पाटी आणा.