नेतृत्व, तोफखान्यातील

नेतृत्व, तोफखान्यातील : तोफेवरील सैनिकांना जे लक्ष्य दिसत नाही, त्यावर अचूक व वेळेवर मारा करवून घेण्याची आणि पथकाची शिस्त व मनोधैर्य टिकविण्याची क्षमता. पायदळातील नायक बहुधा सैनिकांच्या नजरेसमोर असतो. तोफखान्यात आज्ञा देणारा व ती पाळणारा यांच्यात कित्येक किमी. अंतर पडते. त्यामुळे येथे व्यक्तिमत्त्वाच्या छापेपेक्षा व्यावसायिक ज्ञान व परस्परविश्वास यांना अधिक महत्त्व येते. नासिक जिल्ह्यातील देवळाली कॅम्प येथील तोफखाना प्रशाला ही या शिक्षणाची भारतातील प्रमुख संस्था होय.

निरीक्षण अधिकारी आघाडीच्या पायदळाबरोबर असतो. लक्ष्याचे स्थान तो बिनतारी संदेशाने कळवितो. मागे गणित करून तोफेची दिशा व नळीचा कोन ठरवितात. पहिला गोळा लक्ष्यापलीकडे पडल्यास तो पल्ला कमी करावयास सांगतो. पुढचा अलीकडे पडला, की मधले अंतर निम्मे निम्मे करीत लक्ष्यावर येतो आणि मग सर्व तोफांचा मारा मागवितो. आपला अंदाज चुकल्याचे सर्वांना ऐकू जाईल असे सांगून तो लगेच सुधारणे, हा या पद्धतीचाच भाग आहे. मानापमानाला तेथे वाव नाही. एका आकड्याची चूक स्वकीय पायदळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक आदेश ऐकणाऱ्याने परत उच्चारावयाचा असतो आणि शंका आल्यास कनिष्ठाने पुन्हा विचारणे हे त्याचे कर्तव्यच समजतात.

तोफेचे पथक हवालदाराच्या हाताखाली असते. नेम धरणारा, गोळा भरणारा, दारूगोळा पुरविणारा हे एकमेकांची कामे शिकलेले असतात. एखादा पडला, तरी तोफ थांबत नाही. ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात १५–१६ डिसेंबर १९४४ रोजी हवालदार उमराव सिंग यांच्या पर्वतीय तोफेवर जपान्यांनी एकामागून एक हल्ले केले. हातबाँबने जखमी होऊनही त्यांनी उरलेल्या सैनिकांच्या गोळीबाराचे नियंत्रण सोडले नाही आणि दारूगोळा संपल्यावर तोफेच्याच लोखंडी दांड्याने झुंज दिली. सुमारे सहा तासांनी प्रतिहल्ला करणाऱ्यांना ते सात गंभीर जखमांसह तोफेजवळ आढळले. तोफ त्याच दिवशी पुन्हा मारा करू लागली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कारगिल संघर्षात (१९९९) निरीक्षण अधिकारी पायदळाबरोबर शिखरे चढून गेले. विरळ हवेत गोळा नेहमीपेक्षा दूर जात असल्याने पल्ल्याचे कोष्टक तेथे जसेच्या तसे वापरून चालत नव्हते.

देवळालीच्या इतिहासात याची उलट बाजूही सापडते. ब्रिटिशांनी येथे १८६१ मध्ये संक्रमण छावणी वसविली. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची येथे वाट पाहत. जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. त्यामुळे अनेकांना महिनोन्‌महिने थांबावे लागे. काम नाही आणि निघण्याचा दिवसही ठाऊक नाही, अशा स्थितीत मद्यपान, भांडणे व मनोविकार वाढीस लागले. याचा दोष हवामानाला देण्याची प्रथा होती. वस्तुतः सैनिकांना रिकामे व अंधारात ठेवणारी व्यवस्थाच त्यास अधिक कारणीभूत होती. देवळालीच्या नावाचा अपभ्रंश ‘डूलॅली’ हा इंग्रजी बोलीत वेडसर या अर्थाने रूढ झाला; जुन्या सैनिकी भाषेत त्याला ताप या अर्थाचा ‘टॅप’ हा हिंदुस्थानी शब्दही जोडला जाई.