पक्षाघात, मृत्यू आणि संशोधकांचा हिशेब

रक्तातील साखर उतरली, रक्तदाब उतरला, म्हणजे रोग्याचे कल्याण झाले, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिका व कॅनडातील ‘अकॉर्ड’ या संशोधनाने २००८ साली हा समज हादरविला. १०,२५१ मधुमेही रुग्णांपैकी ज्यांची साखर कसोशीने उतरविण्यात आली, त्यांच्यात २५७ मृत्यू झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २०३. तो कठोर उपचार मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

त्याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात (२०१०) वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणल्याने पक्षाघात घटले; मृत्यू मात्र घटले नाहीत. मधुमेही रुग्ण वगळून केलेल्या ‘स्प्रिंट’मध्ये (२०१५) नेमके उलटे घडले. सौम्य उपचारांच्या गटात २१० मृत्यू, कठोर गटात १५५. पक्षाघातांत म्हणण्याजोगा फरक नाही.

मग यश कशाला म्हणावयाचे? अशा संशोधनांत बहुधा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृद्रोगाने आलेला मृत्यू यांची एकच बेरीज मांडतात व प्रत्येक रुग्णाची पहिली घटना तेवढी मोजतात. महागाईच्या निर्देशांकात निदान ज्वारीला आणि काड्यापेटीला वेगवेगळा भार असतो! येथे वाचा गेलेला आणि प्राण गेलेला, दोघेही सारखेच. म्हणून एकत्रित आकड्यावर न थांबता घटकांचे आकडे स्वतंत्रपणे वाचले पाहिजेत. शिवाय मृत्यूची नोंद एकदाच होते. उजवा हात लुळा पडलेला कारकून मात्र पुढे दहा वर्षे जगतो, आणि त्याला उठविण्या-बसविण्यात झिजणाऱ्या पत्नीचे श्रम संशोधकांच्या तक्त्यात येत नाहीत. आमच्या राष्ट्रीय उत्पन्नातही नाहीत.